जिमी कार्टर: निकाल बरोबर, पण कलमं चुकीची

प्रश्न असा आहे: "जिमी कार्टर प्रामाणिक होते, त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने युद्ध केलं नाही, इजिप्त-इस्रायलचा तह त्यांनी घडवला, पुढे नोबेलही मिळालं. तरी सामान्य अमेरिकी माणूस त्यांचं नाव अपयशी अध्यक्ष म्हणूनच का घेतो?"

मुंबईतल्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं अमेरिकेची राज्यव्यवस्था शिकवली. हा प्रश्न वर्गात दर दोन-तीन वर्षांनी यायचाच, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर आधीच तयार असायचं: सज्जन माणसाला राजकारण झेपत नाही. मला ते कधीच पटलं नाही. कार्टर भोळे नव्हते. जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या टीचभर गावातला भुईमुगाचा व्यापारी, गव्हर्नरपदाची एकच मुदत पाठीशी, देशात त्याला फारसं कोणी ओळखत नाही, आणि हा गडी १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातल्या सगळ्या मातब्बरांना मागे टाकून उमेदवारी मिळवतो, वर विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना हरवतो. राजकारण कळल्याशिवाय हे होत नसतं.

माझं मत थोडक्यात सांगतो. लोकांनी १९८० मध्ये त्यांना घरी पाठवलं ते समजण्यासारखं होतं. पण पुढची चाळीस वर्षं त्यांच्या नावावर जे गुन्हे लावले गेले, त्यातले निम्मे त्यांचे नव्हतेच. आणि जे खरोखर त्यांचे होते, त्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

सुरुवात महागाईपासून करायला हवी, कारण मतदाराने तिथूनच केली. १९७६ च्या प्रचारात कार्टर यांनी एक हत्यार वापरलं होतं. महागाईचा दर आणि बेकारीचा दर यांची बेरीज करायची आणि तिला 'दुःखाचा निर्देशांक' म्हणायचं. फोर्ड यांच्या काळात ती बेरीज तेराच्या आसपास होती, आणि असा आकडा असताना पुन्हा मतं मागायला तोंड कसं होतं, असा त्यांचा सूर होता. चार वर्षांनी तीच बेरीज विसाच्या वर गेली. १९७९ मध्ये महागाई ११ टक्क्यांच्या पुढे, १९८० मध्ये साडेतेरा टक्के. १९८० मधले त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांना नवं हत्यार शोधावंच लागलं नाही, कार्टर यांचंच उचललं.

आता यात त्यांचा दोष किती? इराणमधल्या क्रांतीने तेलाचा पुरवठा घसरला आणि किमती भडकल्या, ते कोणत्याच अध्यक्षाच्या हातात नव्हतं. महागाईचं बीजही आधीचं, व्हिएतनामच्या खर्चापासूनचं. पण पहिली दोन वर्षं कार्टर यांचं सरकार कधी बेकारीकडे तर कधी महागाईकडे बघत धरसोड करत राहिलं, हेही तितकंच खरं. मग ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी नेमलं. व्होल्कर व्याजदर आवळणार हे त्यांना माहीत होतं. व्होल्कर यांनी ते आवळलेच. १९८० च्या डिसेंबरात बँकांचा मूळ कर्जदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला होता. घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला, ट्रॅक्टरचं कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला ही नेमणूक दूरदृष्टीची वाटावी अशी अपेक्षाच चूक. १९८३ मध्ये महागाई सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आली. तोवर व्हाइट हाउसमध्ये रेगन होते, त्यामुळे औषध कडू म्हणून कार्टर लक्षात राहिले आणि ताप उतरला तो रेगन यांच्या नावावर.

ही फक्त महागाईची गोष्ट नाही. विमानसेवेवरची सरकारी बंधनं उठवणारा कायदा १९७८ चा, ट्रक आणि रेल्वेचे १९८० चे. तिन्हींवर सही कार्टर यांची. आज एखाद्या अमेरिकी माणसाला विचारा, 'बाजार मोकळा कोणी केला?', तो रेगन यांचं नाव घेईल. (घरच्या घरी बिअर बनवायला परवानगी देणारा कायदाही कार्टर यांच्याच सहीचा. आज अमेरिकेत गल्लोगल्ली छोट्या बिअरभट्ट्या दिसतात त्यांची सुरुवात तिथून झाली. स्वतः कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या मेजवान्यांत कडक दारू बंद केली होती, ही त्यातली गंमत.)

आता इराण. या भागावर मी वर्गात दोन तास घ्यायचो.

३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री कार्टर तेहरानला होते. इराणचा राजा शाह याच्या मेजवानीत त्यांनी इराणचं वर्णन अस्थिर प्रदेशातलं स्थैर्याचं बेट असं केलं. दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत उतरले. हरियाणातलं दौलतपूर नसीराबाद याच भेटीनंतर कार्टरपुरी झालं. तेहरानमधलं ते वाक्य मात्र त्यांना जन्मभर पुरलं, कारण जेमतेम वर्षभरात, जानेवारी १९७९ मध्ये, शाहला देश सोडून पळावं लागलं.

शाह मग देशोदेशी फिरत राहिला. त्याला कर्करोग झालेला. त्याला उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ द्या, असा माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर, बँकर डेव्हिड रॉकफेलर अशा वजनदार मंडळींचा आग्रह. कार्टर बरेच महिने नाही म्हणत राहिले. शेवटी सल्लागारांचंही मत तेच पडलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं की उद्या इराण्यांनी आपली वकिलात घेतली आणि आपली माणसं ओलीस धरली तर तुम्ही मला काय सल्ला द्याल? कोणाकडे उत्तर नव्हतं. २२ ऑक्टोबर १९७९ ला शाह न्यूयॉर्कला उतरला. ४ नोव्हेंबरला इराणी विद्यार्थ्यांनी तेहरानमधली अमेरिकी वकिलात घेतली आणि आतल्या माणसांना ओलीस धरलं.

माझा कार्टर यांच्यावरचा पहिला खरा आक्षेप इथे आहे. संकट येणार हे त्यांनी ओळखलं होतं. तरी वकिलातीतली माणसं काढून घेतली नाहीत, आणि परवानगी दिली.

दुसरा आक्षेप पुढच्या सहा महिन्यांबद्दल आहे. ओलीस सुटेपर्यंत प्रचाराला बाहेर पडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्या वर्षीचं राष्ट्रीय ख्रिसमस झाड जवळजवळ अंधारात ठेवलं गेलं, फक्त टोकावरचा तारा पेटवला. हेतू प्रामाणिक होता यात मला शंका नाही. पण आपल्या देशाचा अध्यक्ष एका प्रश्नापुढे हात बांधून बसलाय, हे चित्र त्यांनी स्वतःच काढलं. एबीसी वाहिनीने रोज रात्री याच विषयावर कार्यक्रम सुरू केला. वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासारखा भरवशाचा माणूस बातम्या संपवताना आज ओलीसांचा कितवा दिवस ते सांगू लागला. पन्नासावा, शंभरावा, दोनशेवा. घरोघरी जेवणाच्या टेबलावर ही मोजणी ऐकू यायची. शेवटपर्यंत अडकून राहिलेले बावन्न होते. त्रेपन्नावे कार्टर होऊन बसले.

गंमत म्हणजे सुरुवातीला याच संकटाने त्यांना वर उचललं होतं. देश संकटात असला की लोक अध्यक्षाच्या पाठीशी उभे राहतात. जुलै १९७९ मध्ये गॅलपच्या पाहणीत २८ टक्क्यांपर्यंत घसरलेली पसंती १९८० च्या सुरुवातीला पन्नाशीच्या बरीच वर होती, आणि त्याच बळावर त्यांनी उमेदवारीसाठी आव्हान देणाऱ्या सिनेटर टेड केनेडींना पक्षातच रोखलं. पण असं मिळालेलं बळ उधारीचं असतं. वसुली एप्रिलमध्ये झाली. सुटकेसाठी आठ हेलिकॉप्टर पाठवली, किमान सहा चालू हवी होती, वाळवंटातल्या तळावर पोचेपर्यंत बिघाड होत होत पाचच कामाची उरली. मोहीम रद्द केली आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळलं. आठ जण गेले. मोहिमेला विरोध करणारे परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांनी राजीनामा दिला.

तेव्हा मी एम.ए.ला होतो आणि न्यू मरिन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरच्या वाचनालयात बसून दोन-तीन आठवडे जुनी अमेरिकी साप्ताहिकं वाचायचो. जळालेल्या हेलिकॉप्टरचा फोटो मी तिथे पाहिला. त्या क्षणी मलाही वाटलं की हा माणूस आता संपला. यशस्वी झाली असती तर हीच मोहीम धाडसी म्हणून गाजली असती, हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली.

मतदान ४ नोव्हेंबर १९८० ला होतं. वकिलात घेतल्याला बरोबर एक वर्ष. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना वर्षपूर्तीच्या बातम्या द्याव्याच लागल्या. रेगन यांना ४८९ निर्वाचक मतं, कार्टर यांना ४९.

आता ते प्रसिद्ध भाषण. १५ जुलै १९७९. पेट्रोल पंपांवर रांगा, कॅलिफोर्नियात गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल. कार्टर यांनी ठरलेलं भाषण रद्द केलं आणि दहा दिवस कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या डोंगरातल्या निवासस्थानी जाऊन बसले. गव्हर्नर, धर्मगुरू, साधी माणसं बोलावून घेतली आणि स्वतःबद्दलची टीका वहीत टिपून घेतली. मग दूरचित्रवाणीवर येऊन ती टीका वाचूनही दाखवली, आणि म्हणाले की प्रश्न फक्त तेलाचा नाही, देशाचा स्वतःवरचा विश्वासच डळमळला आहे, आपण वस्तूंच्या मागे लागलो आहोत.

हे 'मरगळीचं भाषण' म्हणून इतिहासात गेलं. अख्ख्या भाषणात मरगळ हा शब्द नाही. तो नंतर पत्रकारांनी आणि विरोधकांनी चिकटवला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोकांना ते भाषण त्या रात्री आवडलं होतं. त्यांची पसंती एका फटक्यात अकरा टक्क्यांनी वाढली. बिघडलं ते दोन दिवसांनी. त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाकडून राजीनामे मागितले आणि त्यातले पाच मंत्री घालवले. अमेरिकेत अध्यक्षीय पद्धत आहे, तिथे असं घडत नाही. लोकांना वाटलं सरकार कोसळतंय. आदल्या रविवारी जो माणूस देशाला आत्मविश्वास शिकवत होता, त्याचाच आत्मविश्वास मंगळवारी गेलेला दिसला. भाषण विसरलं गेलं आणि मरगळ तेवढी राहिली, आणि ती आता त्यांच्या गळ्यात.

मुलांना मी म्हणायचो, भाषणं वाचा, पण त्याच्या पुढच्या आठवड्याची वर्तमानपत्रंही वाचा.

तिसरा आक्षेप माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि सामान्य माणसाला त्याची कल्पनाही नसते. १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहात कार्टर यांच्या पक्षाचे २९२ सदस्य होते, सिनेटमध्ये ६१. असं बहुमत आज कोणत्याही अध्यक्षाला स्वप्नातही मिळणार नाही. कार्टर यांनी पहिल्याच महिन्यात काय केलं? निरनिराळ्या राज्यांतली दीड डझनभर धरणं आणि पाण्याचे प्रकल्प पैशाची उधळपट्टी म्हणून रद्द करायची यादी काढली. त्यातले बरेच खरंच उधळपट्टीचे होते! पण ज्या खासदाराने वीस वर्षं आपल्या मतदारसंघासाठी धरण मागितलं, त्याला ते गेल्याचं वर्तमानपत्रातून कळलं तर तो पुढच्या ऊर्जा विधेयकाला हात वर करेल का? सभापती टिप ओनील यांना तर शपथविधीच्या समारंभाच्या तिकिटांपासूनच मानापमान सोसावे लागले होते. ते आतल्या गटात कधी आलेच नाहीत.

देवघेव म्हणजे भ्रष्टाचार, असं कार्टर यांच्या मनात खोल कुठेतरी होतं. प्रश्नाचं योग्य उत्तर सापडलं की ते लोकांनी मान्य करायलाच हवं, ही अभियंत्याची बुद्धी. ते आण्विक पाणबुड्यांच्या कामात तयार झालेले अधिकारी. प्रत्येक फाइल स्वतः वाचायचे, समासात दुरुस्त्या करायचे. त्यांच्याच एका भाषणलेखकाने नोकरी सोडल्यावर लिहिलं की व्हाइट हाउसच्या टेनिस कोर्टावर कोणी कधी खेळायचं तेही अध्यक्ष स्वतः ठरवत असत. कार्टर यांनी ते नाकारलं, पण गोष्ट चिकटली ती चिकटलीच. दोनेक वर्षं तर त्यांनी कार्यालयप्रमुखही नेमला नव्हता.

त्यांना हे जमतच नव्हतं असंही नाही. पनामा कालव्याच्या करारांना सिनेटची दोन तृतीयांश मतं हवी होती. एकेका सिनेटरला पटवून त्यांनी दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर करून घेतले, गरजेपेक्षा एकच मत जास्त. कॅम्प डेव्हिडला इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांच्याबरोबर तेरा दिवस तर एकेका शब्दावर घासाघीस केली. परक्या पाहुण्यांसाठी दाखवलेला हा धीर घरच्या मंडळींच्या वाट्याला क्वचितच आला.

आपल्याकडच्या वाचकाला याचा नमुना तारापूरमध्ये सापडेल. १९६३ च्या करारानुसार तारापूरच्या अणुभट्ट्यांना अमेरिकेने इंधन द्यायचं होतं. कार्टर यांना अण्वस्त्रप्रसाराची मनापासून धास्ती. दिल्लीच्या त्याच भेटीत ते व्हॅन्स यांच्या कानात म्हणाले की पंतप्रधान मोरारजींना थंड आणि अगदी सडेतोड पत्र लिहायला हवं. मायक्रोफोन चालू होता, सगळ्या जगाने ऐकलं. मार्च १९७८ मध्ये त्यांनी इंधन-निर्यातीवर कडक अटी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि १९८० मध्ये, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर, त्यांनीच आपल्या अणुनियामक आयोगाचा नकार बाजूला सारून तारापूरला ३८ टन युरेनियम द्यायचा आदेश काढला. सिनेटमध्ये तो ४८-४६ असा कसाबसा वाचला. म्हणजे भारत नाराज, अण्वस्त्रविरोधकही नाराज. या देशाबद्दल त्यांना आकस होता म्हणावं, तर त्यांची आई लिलियन साठी उलटल्यावर पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून विक्रोळीत येऊन दोन वर्षं परिचारिकेचं काम करून गेली होती. आकस नव्हताच. नियम आधी करायचा आणि तो मोडायची वेळ आली की सगळ्यांकडून बोलणी खायची, ही त्यांची रीत होती.

आता शेवटचं कारण, जे मला सगळ्यात कमी चर्चेत दिसतं. कोणत्याही अध्यक्षाची कीर्ती टिकते ती सांभाळणारे वारस असतात म्हणून. केनेडींना घराणं होतं. रेगन यांना तर अख्खी चळवळ मिळाली, त्यांच्या नावाने विमानतळ आणि शाळा उभ्या करणारी. कार्टर यांच्या बाजूने बोलणार कोण? उदारमतवाद्यांना ते खर्चाला हात आखडणारे वाटत, म्हणून तर केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. दक्षिणेतल्या ज्या बाप्टिस्ट मतदारांनी १९७६ मध्ये आपला माणूस म्हणून त्यांना डोक्यावर घेतलं, त्यातले बरेच १९८० मध्ये रेगन यांच्याकडे गेले. १९८४ मध्ये त्यांचेच उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल ४९ राज्यांत हरले, आणि त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षात कार्टर हे नाव शक्यतो घ्यायचं नाही अशी पद्धत पडली. रिपब्लिकन मात्र ते नाव दर निवडणुकीत घेत राहिले, समोरच्या उमेदवाराला शिवी म्हणून. बिल क्लिंटन यांच्या थंडपणामागे तर व्यक्तिगत कारणही होतं. १९८० मध्ये क्यूबातून आलेले हजारो निर्वासित कार्टर सरकारने आर्कान्सातल्या एका लष्करी तळावर ठेवले, तिथे दंगल झाली, आणि त्या वर्षी तरुण गव्हर्नर क्लिंटन यांची खुर्ची गेली त्यात या प्रकरणाचा मोठा हात होता.

दोन्ही पक्षांना जी गोष्ट एकाच तऱ्हेने सांगायला सोयीची पडते, ती लोकांच्या तोंडी बसते. कार्टर दुबळे, ही तशीच गोष्ट.

नंतरच्या चाळीस वर्षांतल्या कामाने हे पुसलं गेलं नाही का? १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते. कार्टर यांनी काढलेल्या कार्टर सेंटर या संस्थेने त्यात हात घातला आणि आता वर्षाला आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका खाली आला. (आपल्याकडचा नारू आपल्याच मोहिमेने गेला, २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.) २००६ मध्ये लोणावळ्याजवळच्या पाटणला ऐंशी पार केलेला हा माणूस गोरगरिबांच्या घरांच्या विटा रचताना लोकांनी पाहिला. पण गंमत बघा, यातून जो किताब मिळाला तो 'सर्वोत्तम माजी अध्यक्ष'. त्यातला 'माजी' शब्दच पहिली शिक्षा कायम करतो. इतिहासकारही फार उदार झालेले नाहीत. सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीच्या २०२१ च्या पाहणीत ४४ अध्यक्षांत त्यांचा नंबर २६ वा. मला हा नंबर थोडा खालचा वाटतो, पण फार नाही. विसाच्या आसपास कुठेतरी मी ठेवला असता.

ओलीसांच्या सुटकेचं शेवटपर्यंतचं काम कार्टर यांनीच केलं. अल्जीरियाच्या मध्यस्थीने करार झाला १९ जानेवारी १९८१ ला. शेवटच्या दोन रात्री ते जवळजवळ झोपलेच नाहीत, ओव्हल ऑफिसातल्या कोचावर पडून फोनची वाट बघत राहिले. २० तारखेला दुपारी रेगन यांचा शपथविधी उरकला आणि काही मिनिटांतच तेहरानहून विमानं उडाली. ४४४ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी कार्टर, आता माजी अध्यक्ष, रेगन यांचे दूत म्हणून जर्मनीत वीस्बाडेनच्या लष्करी इस्पितळात त्या बावन्न जणांना भेटायला गेले. काहींनी मिठी मारली. काहींनी हात पुढे केला नाही, आणि विचारलं की शाहला येऊ का दिलंत.